पाडवा ते रामनवमी

2025 साली पाडवा रविवारी आला, 30 मार्चला. रामनवमीही पुढच्याच रविवारी, 6 एप्रिलला. मधल्या एका तिथीचा क्षय झाल्यामुळे चैत्रातलं नवरात्र आठ दिवसांतच आटोपलं. रविवार ते रविवार, मोजून-मापून एक आठवडा.

बेंगळुरूच्या बसवनगुडीत राहणारं एक मराठी जोडपं डोळ्यांपुढे आणा. त्यांना नाव देण्याचं कारण नाही. असे आजी-आजोबा त्या शहरातल्या मराठी घरांत पुष्कळ सापडतील. आजोबा 74 वर्षांचे, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. आजी 69 वर्षांच्या. माहेर सांगलीचं, लग्न होऊन इथे आल्या त्याला 47 वर्षं झाली. घर सासऱ्यांनी बांधलेलं. पुढे छोटं अंगण, आत लाल गुळगुळीत जमीन, गच्चीवर पाण्याची टाकी, कुंपणापाशी करंजाचं झाड. मुलगा, सून आणि नात शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला. मोटारीनं यायचं तर दीड तास धरून चालायचं.

बसवनगुडी म्हणायला महानगरात आहे. पण तिथे आठ दिवस राहून पाहावं, एखाद्या तालुक्याच्या गावी आल्यासारखं वाटतं. 1890च्या दशकात ही वस्ती आखली गेली आणि 1898च्या प्लेगनंतर जुन्या पेठेतली दाटी सोडून लोक इकडे राहायला आले. हवा खेळावी म्हणून रस्ते रुंद, दुतर्फा झाडं आणि घरांच्या मागे सफाईसाठी अरुंद गल्ल्या. नाव पडलं ते टेकडीवरच्या नंदीवरून. बसव म्हणजे नंदी आणि गुडी म्हणजे देऊळ. एकाच खडकातून घडवलेला हा नंदी सुमारे 15 फूट उंच आणि 20 फूट लांब आहे. देऊळ सोळाव्या शतकात केंपेगौडानं बांधलं असं मानतात. आपल्याला हे सगळं परकं वाटण्याचं कारण नाही. 1638 नंतर हेच बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होतं.

तर पाडव्याच्या सकाळी नातीनं खिडकीतली गुढी पाहून विचारलं, "आजी, आपली गुढी आणि बसवनगुडीतली गुडी एकच का गं?" सगळे हसले. शेजारच्या घरून बेवु-बेल्ला आलं, म्हणजे कडुलिंबाची फुलं आणि गूळ. इकडून चिंच, जिरं, ओवा घातलेली कडुलिंबाची गोळी तिकडे गेली. वर्षाची सुरुवात कडू-गोडानं करायची, ही रीत दोन्ही घरांची. पुरणपोळीचंही तसंच. शेजारी तिला होळिगे किंवा ओब्बट्टू म्हणतात, तिच्यात तुरीची डाळ घालतात आणि ती तेलाच्या हातानं केळीच्या पानावर थापतात. इकडे हरभऱ्याची डाळ आणि लाटणं. खाली उरलेल्या कटाची आमटी मात्र दोघांकडे.

जेवणं झाली आणि मुलानं विषय काढला.

"बाबा, एक बिल्डर विचारतोय. जुनं घर पाडून चार मजले बांधेल. निम्मे फ्लॅट आपले. किंवा सरळ विकून टाकू. तुम्ही दोघं आमच्याकडे या. आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट रिकामा होतोय. लिफ्ट आहे, जनरेटर आहे, खाली डॉक्टर बसतो. इथे तुमची काळजी वाटते."

मुलाच्या बोलण्यात लबाडी नव्हती. लोभ होता तो आई-बापाचाच. आजोबा मात्र पान थुंकावं तसं पटकन बोलून गेले, "हे घर माझ्या वडिलांनी बांधलंय. मी असेपर्यंत कुणी वीट हलवायची नाही."

आजी काहीच बोलल्या नाहीत. त्या ताटं उचलत होत्या. आईला घर सोडवत नाही, म्हणून ती गप्प आहे, असं मुलाला वाटलं. बापालाही तसंच वाटलं. दोघांनी गृहीत धरलं आणि विचारलं कुणीच नाही.

सोमवारी आजोबा नेहमीप्रमाणे सहाला बाहेर पडले. ब्यूगल रॉकच्या बागेत एक फेरी. तिथला खडक पृथ्वीवरच्या फार जुन्या खडकांपैकी, वय कोट्यवधी नव्हे, अब्जावधी वर्षांत मोजायचं. झाडांवर वटवाघळं उलटी टांगलेली. बाकावर चौघे सोबती. मग दोघांत एक 'बाय-टू' कॉफी. चार वाक्यं राजकारणावर, दोन गुडघ्यांवर. येताना नंदीच्या देवळात डोकं टेकायचं, कारण वार सोमवार. घरी येईतो आठ. पेपर तयार, नाश्ता तयार.

आजींचा सोमवार साडेपाचला उजाडला होता. चैत्रात करंज फुलतो. दिसायला सुरेख, पण पहाटे अंगणात फिकट जांभळ्या फुलांचा आणि वाळक्या पाल्याचा सडा पडलेला असतो. तो लोटायचा, मग पाणी शिंपडायचं, मग रांगोळी. रांगोळी नाही घातली तर इथे शेजारची बाई येऊन विचारते, सगळं बरं आहे ना? त्यानंतर मोटर लावायची आणि टाकी भरली का ते बघायला लोखंडी जिन्यानं गच्चीवर जायचं. सोमवारीच चैत्रगौर बसवायची होती. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा घासूनपुसून छोट्या पितळी पाळण्यात बसवली, पुढे कैऱ्या मांडल्या. आता अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर माहेरी. माहेरवाशिणीचं सगळं हौसेनं करायचं. करणारीला कुठलं माहेर?

मंगळवारी 1 एप्रिल. सकाळी दुधाच्या केंद्रावर एकच चर्चा. नंदिनीचं दूध त्या दिवसापासून लिटरमागे 4 रुपयांनी वाढलं होतं. आजोबांनी त्या वाढीचा महिन्याचा हिशेब तोंडी करून दाखवला. शिवाय मालमत्ता कर. एप्रिलमध्ये भरला तर 5 टक्के सूट मिळते, म्हणून त्यांची दर वर्षी पहिल्याच आठवड्यात गडबड. यंदा करासोबत कचऱ्याचं वेगळं शुल्कही आलेलं. "महागाई वाढली म्हणून घर विकायचं का?" असं ते वाटेत भेटेल त्याला सांगत होते. म्हणजे मुलाचं बोलणं मनातून गेलं नव्हतं.

मग मन रमवायला ते गांधी बाजारात विद्यार्थी भवनला जाऊन बसले. हे हॉटेल 1943 साली सुरू झालं, जवळच्या शाळा-कॉलेजातल्या पोरांसाठी. म्हणून हे नाव. भिंतींवर कन्नड साहित्यिकांची रेखाचित्रं आहेत आणि वाढपी हातावर दहा-बारा डोशांच्या ताटल्यांची उतरंड रचून टेबलाटेबलांतून सहज फिरतो. डोसा बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, लोण्याचा हात सढळ. आजोबांनी एक खाल्ला, आजींसाठी एक बांधून घेतला. घरी येईतो तो मऊ पडला. तो नेहमीच पडतो. 47 वर्षांत आजींनी विद्यार्थी भवनचा डोसा गरम असा किती वेळा खाल्ला असेल, याचा हिशेब आजोबांनी कधी केला नव्हता.

बुधवारी मात्र आजोबा उठले तेच भिंत धरून. डोळ्यांपुढे अंधारी, पाय लटपटत. आजींनी त्यांना निजवलं, साखर-मीठ-पाणी दिलं. व्हाइटफील्डला फोन लावला. मुलगा म्हणाला, निघतोच. पण तो ऐन ऑफिसच्या वेळी निघणार, म्हणजे पोचणार केव्हा?

पावणेआठला दाराची घंटा वाजली. ब्यूगल रॉकच्या बाकावरचे एक सोबती. "आज आले नाहीत, म्हणून बघायला आलो." पाच मिनिटांनी पेपरवाल्या मुलानं आत डोकावलं, कारण कालचा हिशेब द्यायला अज्जा फाटकात उभे नव्हते. शेजारच्या घरची मुलगी नर्सिंगला आहे. तिनं येऊन रक्तदाब मोजला, खाली आलेला. चार घरं सोडून दवाखाना. डॉक्टर स्वतः पायी आले. उन्हाळा लागला, घाम वाढला, पाणी कमी पडलं आणि रक्तदाबाची गोळी थंडीतल्याच मापाची चालू राहिली. त्यांनी मात्रा कमी केली, दोन दिवस विश्रांती सांगितली. मुलगा पोचला तेव्हा आजोबा उशीला टेकून ताक पीत होते.

मुलगा येताना मेट्रोनं आला होता. मॅजेस्टिकला गाडी बदलून नॅशनल कॉलेजच्या स्टेशनवर उतरला, तिथून रिक्षा. तो थोडा ओशाळलेला आणि थोडा चिडलेला. "बघितलंस आई? म्हणूनच म्हणतो, आमच्याजवळ राहा."

आजी एवढंच म्हणाल्या, "तुझ्या सोसायटीत आम्ही एक दिवस खाली उतरलो नाही, तर किती वाजता कुणाच्या लक्षात येईल रे?"

मुलाला उत्तर सुचलं नाही. तो आणि त्याची बायको आठ-साडेआठला बाहेर पडतात, परततात सातला. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, हे त्याला त्या दारावरच्या पाटीमुळे ठाऊक, एवढंच.

गुरुवारी आजी एकट्याच गांधी बाजारात गेल्या. गेल्या काही वर्षांत या रस्त्याची बरीच उलथापालथ झाली. खोदकाम झालं, नवी फरशी बसली, विक्रेत्यांची हलवाहलव झाली. तरी चैत्रातला बाजार तो चैत्रातलाच. कैऱ्यांचे ढीग, काकड्या, केळीची पानं, मोगऱ्याचे गजरे. इथे गजरा 'मोळ'च्या मापानं विकतात. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचा हात. फूलवालीचा हात आखूड की लांब, यावर घासाघीस. फूलवालीनं मोगरा मोजता मोजता विचारलं, "यजमान्रु हेगिद्दारे अम्मा?" यजमान कसे आहेत? काल घडलेलं आज बाजारात पोचलं होतं. कॉफी दळून देणाऱ्या दुकानदारानंही विचारलं आणि चिकोरी थोडी कमी घालू का, असा सल्लाही दिला.

घरी आजोबा कंटाळले होते. गुरुवारी संध्याकाळी त्यांची बुल टेंपल रोडवरच्या गोखले संस्थेची फेरी असते. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाची संस्था बसवनगुडीच्या अंगणात कशी, असं नव्या माणसाला वाटतं. कन्नडमधले थोर लेखक डी. व्ही. गुंडप्पा गोखल्यांना फार मानत. त्यांनी गोखल्यांचं कन्नड चरित्र लिहिलं आणि 1945 साली ही संस्था काढली. 1970 साली जाहीर सत्कारात मिळालेली थैलीही त्यांनी संस्थेलाच देऊन टाकली. आजोबा तिथे पुस्तक बदलतात, कधी व्याख्यानाला बसतात. कन्नड कथेचे जनक मानले जाणारे मास्ती वेंकटेश अय्यंगार जवळच गवीपुरमला राहत. ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी, पण बसवनगुडी क्लबात रोज पत्ते खेळायला जाण्याचा नेम त्यांनी म्हातारपणीही सोडला नाही. आजोबांना हे उदाहरण फार आवडतं. माणसाला नेम हवा, असं ते म्हणतात.

शुक्रवारी आजींच्या गौरीचं हळदीकुंकू. आजोबा पलंगावरून पाहत होते. पहाटे पाचला डाळ भिजत पडली. कैऱ्या किसल्या, डाळ वाटली, फोडणी घातली. पन्ह्यासाठी कैऱ्या उकडल्या, गर काढला, गूळ आणि वेलची घातली. हरभरे भिजवून ओट्यांसाठी निथळत ठेवले. सतरंज्या अंथरल्या. करंजाचा सडा लोटला. टाकी बघायला जिना चढून उतरल्या. आजोबांनी हे सगळं कधी सलग पाहिलंच नव्हतं. एरवी शुक्रवारी ते या वेळी बाहेर असत.

संध्याकाळी बायका आल्या. निम्म्या कन्नड, दोन तमिळ, बाकी मराठी. आंब्याची डाळ खाऊन एकीनं म्हटलं, ही तर आमची कोसंबरीच, तुम्ही वाटता आणि आम्ही भिजवून तशीच ठेवतो. आपल्याकडची कोशिंबीर आणि त्यांची कोसंबरी या जणू सख्ख्या बहिणी. रात्री नऊला शेवटची बाई गेली.

आजोबा म्हणाले, "दमलीस ना? मी उठून काही आणलं असतं गं, पण शुक्रवारी विद्यार्थी भवन बंद असतं."

आजी चुलीपाशी पाठ करून उभ्या होत्या. तशाच म्हणाल्या, "हॉटेलालासुद्धा आठवड्याची सुट्टी असते. मला 47 वर्षांत कुठला वार मिळाला?"

आजोबा गप्प झाले.

"अहो, घर सोडायला तुम्ही तयार नाही, हे मुलाला तुम्ही सांगितलंत. मला विचारलंत का? मला हे घर आवडतं. पण ते मला आता झेपत नाही. जिना झेपत नाही, अंगण झेपत नाही, ती टाकी झेपत नाही. तुमचं बसवनगुडी म्हणजे बाग, कॉफी, डोसा, पुस्तक. ते सगळं फाटकाबाहेर आहे. माझं फाटकाच्या आत आहे, आणि त्याला केरसुणी लागते."

"मग जायचं म्हणतेस व्हाइटफील्डला?"

"नाही. तिथे मला भाजी आणायलासुद्धा कुणाच्या गाडीची वाट बघावी लागेल. बुधवारी आठच्या आत तीन माणसं दारात आली, ती घराला बघायला आली नव्हती. घर सुटलं तरी चालेल मला. हा रस्ता सुटायला नको."

शनिवारी आजोबांना बरं वाटत होतं. शनिवार मारुतीचा. दोघं हळूहळू कारंजी आंजनेयाच्या देवळात जाऊन आली. पण येताना नेहमीच्या वाटेनं आली नाहीत. आजी एकेका नव्या इमारतीसमोर थांबत होत्या. लिफ्ट आहे का? पहिला मजला आहे का? रखवालदार आहे का? इथून गांधी बाजार किती पावलं? आजोबा आधी कुरकुरले, मग त्यांनीच खिशातून कागद काढून दोन फोन नंबर टिपून घेतले. एका इमारतीच्या आवारात करंज होता. आजोबांनी तो मुद्दाम दाखवला. आजी म्हणाल्या, "असू दे. लोटणारा दुसरा आहे ना?"

रविवारी रामनवमी. बसवनगुडीत त्या दिवशी रस्त्यारस्त्यावर मांडव पडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून पानक, कोसंबरी आणि ताक देतात. पानक म्हणजे गुळाचं पाणी, त्यात लिंबू, सुंठ आणि वेलची. उन्हाळ्याच्या तोंडाशी गूळ, काकडी, मूगडाळ, ताक वाटायचं, यात देवाइतकाच देहाचाही विचार आहे. जवळच चामराजपेठेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्री रामसेवा मंडळी 1939 पासून रामनवमीचा संगीतोत्सव भरवते. एम. एस. सुब्बुलक्ष्मींचं गाणं या मांडवानं ऐकलं आहे.

मुलगा, सून आणि नात दुपारी आली. या खेपेला आजोबांनी विषय काढला आणि बोलायचं आजींवर सोपवलं.

त्यांनी मुलाला सरळ सांगितलं. बिल्डरशी बोल, कागद वकिलाला दाखव, घाई नको. बांधकाम होईतो भाड्यानं राहायला लागेल, ते याच भागात. पुढे जो फ्लॅट आपल्या वाट्याला येईल तो पहिल्या मजल्यावरचा असावा. दोन खोल्या पुरेत. आणि सगळं होईपर्यंत, उद्यापासून, अंगणाला आणि टाकीला पगारी माणूस. पैसे तुम्ही दोघं बाप-लेक द्या.

"आई, इथलं भाडं किती आहे माहीत आहे? त्या पैशात आमच्याकडे तीन खोल्यांचा—"

"माहीत आहे. काल विचारून आलोय. महाग आहे. पण तुझे बाबा बुधवारी पडले तेव्हा जे आले, त्यांचं भाडं कुणी मागितलं नव्हतं. तेही यात धर."

सुनेनं सासूकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आई म्हणतायत ते बरोबर आहे. आपण शनिवार-रविवार इकडे येत जाऊ. मेट्रो आहेच." निर्णय एका दिवसात होणार नव्हता. बिल्डर, वकील, भाडं, आजोबांच्या मनातली वडिलांची वीट, सगळं अजून बाकी होतं. पण बोलणं आता घराबद्दल नव्हतं, त्यात राहणाऱ्या दोघांबद्दल होतं.

म्हाताऱ्या आई-वडिलांना जवळ आणावं, असं ज्या मुलांना वाटतं, त्यांनी आणखी एक गोष्ट करून पाहावी. सुट्टी काढून त्यांच्या घरी रविवार ते रविवार राहावं. वडिलांबरोबर बागेत जावं आणि आईबरोबर पहाटे उठावं. कोण त्यांना नावानं ओळखतं, कोण त्यांची वाट बघतं, हे मोजावं. आणि कुठलं काम आता त्यांच्या अंगावर येतं, हेही मोजावं. ओझं असेल ते उचलून टाकावं. आधार असेल तो मात्र ओझ्याबरोबर फेकून देऊ नये. बहुतेक घरांत हे दोन्ही एकाच छपराखाली असतात, म्हणून गल्लत होते. आणि विचारताना आई-बाबा असं एकत्र विचारू नये. दोघांना वेगवेगळं विचारावं. 47 वर्षं एका घरात काढूनही दोघांचा आठवडा एक नसतो.

त्या संध्याकाळी आजी-आजोबा नातीला घेऊन फोर्ट हायस्कूलच्या मांडवाकडे निघाले. वाटेत गांधी बाजार. आजोबा विद्यार्थी भवनच्या दाराशी थांबले आणि म्हणाले, "आज बांधून नको. आत बसू." गर्दी होती, नंबर यायला अर्धा तास लागला. आजींनी गरम डोसा खाल्ला. घरी गॅस पेटवायचा नव्हता.